बुधवार-शुक्रवारचे मनोरे

अरुंधती पोंक्षे यांचं अक्षर इतकं वळणदार होतं, की तळोज्याच्या त्या रंगांच्या कारखान्यात कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिकांवर नावं घालायला त्यांनाच गळ घातली जायची. एकोणीस वर्षं त्या टाइम ऑफिसात होत्या. कोण कधी आला, कोण कधी गेला, कुणाची रजा, कुणाचा खाडा, कुणाचा लेट मार्क, हे सगळं खात्याखात्याच्या चौदा मस्टरांत त्या निळ्या आणि लाल शाईने भरायच्या. या कामात आपला हात धरणारं कुणी नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. सत्त्याण्णव सालच्या दसऱ्यापर्यंत ती टिकली.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी पर्सोनेलचे ऑफिसर चारुदत्त निरगुडकर त्यांच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. वय सत्तावीस, पुण्याहून एमबीए करून जुलैत रुजू झालेले, आणि आठवड्याचे सहाही दिवस टाय.

"पोंक्षेबाई, तुमचं मस्टर आता कॉम्प्युटरवर जाणार."

"जाऊ दे की. कोण नेणार?"

"तुम्ही."

काचेच्या केबिनमध्ये, चपला बाहेर काढून आत जायच्या जागी, प्लॅस्टिकच्या झग्याखाली झाकून ठेवलेलं ते यंत्र अरुंधतीबाईंनी लांबूनच पाहिलं होतं. निरगुडकरांनी त्यांना दीड महिना दिला. पनवेलमध्ये क्लास लावा, फी कंपनी भरेल. एक डिसेंबरला फोर्टच्या हेड ऑफिसमधून मोठे साहेब येणार आहेत, त्यांना एप्रिलपासूनच्या लेट मार्कांचा ग्राफ दाखवायचा आहे.

"इथल्या लोकांना वेळेची शिस्त नाही, हे मी तोंडाने सांगून कुणाला पटत नाही," निरगुडकर म्हणाले. "ग्राफ दाखवला की पटतं."

"आणि मला नाहीच जमलं तर?"

"डिस्पॅचमध्ये एक जागा रिकामी आहे," ते म्हणाले आणि टाय सारखा करत निघून गेले.

डिस्पॅच म्हणजे पिंपांवर क्रमांक रंगवायचे. अक्षर चांगलं असल्याचा तिथेही उपयोग झाला असता, पण अरुंधतीबाईंनी त्याच संध्याकाळी लाइन आळीतल्या भांड्यांच्या दुकानावरचा क्लास गाठला.

क्लासमध्ये पाच कॉम्प्युटर होते, त्यातले तीन चालू असायचे. शिकवणारी दिपा करंजाड्याची, शेतकऱ्याघरची, वय बावीस. केसांची घट्ट वेणी, मनगटावर पुरुषी घड्याळ. अरुंधतीबाईंनी दारातच विचारलं, "बाळ, सर कुठे आहेत?"

"सर नाय. मीच हाय," दिपा म्हणाली, मग जीभ चावून शहरी वळणावर आली. "म्हणजे, मीच शिकवते. बसा ना काकू."

आता हिला मॅडम म्हणायचं की अगं दिपा, हा प्रश्न अरुंधतीबाईंना पहिला आठवडाभर पडला होता. शेवटी त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला. चूक झाली की "अगं दिपा, हे बघ काय झालं", आणि बरोबर आलं की "दिपा मॅडम, जमलं बरं का". पहिले काही दिवस मॅडम म्हणायची वेळ फारशी आली नाही.

माउस त्यांच्या हातून टेबलाच्या कडेपर्यंत जायचा आणि तिथे त्या अडकायच्या. "पुढे जागाच नाही गं!"

"उचला आणि परत मध्ये ठेवा, काकू. बाण जागचा हलत नाय."

"उचलला तर रागावणार नाही ना तो?"

डबल क्लिकचं तर नावच नको. त्यांच्या दोन टिचक्यांमधलं अंतर इतकं असायचं की मध्ये एखाद्याने पाणी पिऊन घ्यावं. दिपाने सांगितलं, दारावर टकटक करतो तसं करा. मग पहाटे सव्वासहाच्या पहिल्या पाळीच्या बसमध्ये बसून त्या डब्याच्या झाकणावर टकटक, टकटक करत तळोज्याला जाऊ लागल्या. शेजारी बसणाऱ्या बॉयलर ऑपरेटरने दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी जागा बदलली.

खरी गंमत सुरू झाली ती ॲक्सेस, म्हणजे याद्या-नोंदी ठेवायचं साधन, शिकताना. अरुंधतीबाईंना वाटलं होतं, आता प्रोग्रॅम म्हणजे ते काहीतरी अगम्य, कंसाकंसांचं लिहायला लागणार. त्यांनी त्यासाठी शंभर पानी वही आणून तिला कव्हरही घातलं होतं. दिपाने वही बाजूला सारली.

"काय लिहायचं नाय. हा विझर्ड आहे ना, तो एकेक विचारील, आपण उत्तर द्यायचं. याला कुठला कागद घेऊ? त्यातले कुठले रकाने? कसे मांडू? आपण पुढे, पुढे, पुढे करत जायचं. शेवटी म्हणतो, झालं."

"म्हणजे सत्यनारायणाला गुरुजी सांगतात तसं," अरुंधतीबाईंचा चेहरा खुलला. "पळीभर पाणी सोडा, अक्षता घ्या, फूल वाहा. आपल्याला मंत्रातलं काही कळत नाही, पण पूजा आपल्या नावावर."

"हां. पण गुरुजींनी काय विचारलं ते नीट ऐकायचं, काकू. नुसतं पुढे पुढे केलं तर भलतीच पूजा होते."

ती भलतीच पूजा व्हायला आठवडासुद्धा लागला नाही. कामगारांच्या यादीत नावाआधी श्री किंवा श्रीमती आपोआप यावं म्हणून विझर्डने काहीतरी विचारलं, आणि बाईंनी स्वतःच्या नावाने तपासून बघितलं ते तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत छापलेली पहिलीवहिली यादी नोटीस बोर्डावर लागली. दोनशे बारा कामगार, सगळे श्रीमती. दोन दिवस कारखान्यात दुसरा विषय नव्हता. बसचा ड्रायव्हर सुदाम, सहा फूट उंच, मिशा पिळलेल्या, त्याला गेटवरचा वॉचमन लांबूनच हाक मारायचा, "या श्रीमती, आज गाडी कुठं लावताव?"

अरुंधतीबाई त्या दिवशी क्लासात जाऊन जवळजवळ रडल्याच. दिपाने सगळं ऐकून घेतलं, तोंडावर ओढणी धरून पोटभर हसून घेतलं, आणि मग एक रकाना बदलून दाखवला. बाई सोडून दोनशे अकरा जण क्षणात पुरुष झाले. त्यात गोदामातल्या कंत्राटी बायकाही गेल्या, तेव्हा परत एकेकीला शोधून श्रीमती करावं लागलं. पण त्या खटाटोपात बाईंना यादी, चाळणी आणि बटण या तिन्हीचं मर्म असं कळलं, की पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने एक फॉर्म उभा केला. वर निळ्या पट्टीत नाव, खाली आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि उजवीकडे एक जाडजूड बटण. ते दाबलं की उशीर झालेल्यांची यादी समोर. त्यांनी ते पाच वेळा दाबून पाहिलं.

"दिपा मॅडम, जमलं बरं का."

"जमलं नाय तर काय. आता ग्राफ."

ग्राफसाठी एप्रिलपासूनचे सगळे लाल मार्क भरायचे होते. लेट रजिस्टर गेटवर वॉचमन लिहायचा, दुसऱ्या दिवशी बाई त्यावरून चौदा मस्टरांत लाल खुणा वाटून टाकायच्या. या मस्टरात दोन, त्या मस्टरात तीन. एवढी वर्षं त्यांनी प्रत्येक माणसाची ओळ आडवी वाचली होती. दोन आठवडे दुपारच्या सुट्टीत त्यांनी त्या खुणा कॉम्प्युटरात घातल्या आणि फ्लॉपीवर घेऊन क्लासमध्ये आणल्या.

पहिला ग्राफ त्यांनीच काढला. गोल. विझर्डला त्यांनी माणसांची नावं दिली होती. पडद्यावर जे उमटलं ते पाहून शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा उठून बघायला आला. दोनशे बारा रंगांच्या दोनशे बारा फाका, सगळ्या सुतासारख्या बारीक, आणि भोवती नावांची अशी गर्दी की एकही वाचता येऊ नये.

"छान दिसतंय," अरुंधतीबाई म्हणाल्या. "पण हे काय सांगतंय?"

"काय नाय सांगत," दिपा म्हणाली. "काकू, तुमी चित्र आधी मागितलंत. आधी प्रश्न ठरवा."

"प्रश्न काय ठरवायचा? उशीर कोण करतं, हाच प्रश्न."

कोण करतं ते खात्यांप्रमाणे लावून बघितलं. सगळी खाती कमीजास्त सारखीच. वयाप्रमाणे लावलं, म्हातारे-तरुण एकाच माळेचे मणी. गावाप्रमाणे लावलं, तेव्हा पनवेलहून सकाळच्या जनरल पाळीच्या बसने येणारे तेवढे वर निघाले. पण ते सगळे एकाच बसने येतात, मग त्यातला शिस्तीचा कोण आणि बेशिस्तीचा कोण?

"मग कोण सोडा," दिपा म्हणाली. "कधी ते विचारा. वारांप्रमाणे लावा."

बाईंनी उभे खांब निवडले, वार दिले, पुढे, पुढे, झालं. पडद्यावर सोमवार एक उंबरठा, मंगळवार उंबरठा, आणि बुधवारी एकदम एक मनोरा. गुरुवार पुन्हा जमिनीलगत. शुक्रवारी दुसरा मनोरा, पहिल्यापेक्षाही उंच. शनिवार सपाट.

अरुंधतीबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मनोरे तिथेच होते. "हे काय गं? बुधवारी आणि शुक्रवारी काय होतं? बाजार तर रविवारी असतो."

दिपा खुर्चीत मागे रेलली आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. "काकू, तुमच्या घरात मासे नाय खात ना?"

"नाही. का?"

"म्हणून तुमाला दिसत नाय. बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी कंपनीला सुट्टी. काकू, हा ग्राफ नाय, हे म्हावरं हाय!"

"मासे? उशिरा येण्याशी माशांचा काय संबंध?"

"ते मला नाय माहीत. पण थांबा, खोटं वाटत असेल तर महिन्यांप्रमाणे लावा. श्रावण बघा श्रावण."

बाईंनी महिने लावले. एप्रिल-मे भरगच्च. जून-जुलैत खांब बुटके, कारण पावसात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, हे दिपाने सांगितलं. आणि ऑगस्टच्या जागी काही नाही. कोरी जमीन. गणपती गेल्यावर सप्टेंबरात परत खांब उगवलेले. गेली एकोणीस वर्षं अरुंधतीबाई जे आपल्या हाताने लिहीत आल्या होत्या, ते आज पहिल्यांदा त्यांच्याशी बोललं होतं, आणि काय बोललं तर मासे!

आता प्रत्यक्ष बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांची स्वतःची बस पहिल्या पाळीची, त्यामुळे जनरलच्या बसमध्ये त्या कधी बसल्याच नव्हत्या. अठ्ठावीस नोव्हेंबरचा शुक्रवार त्यांनी धरला, टाइम ऑफिसची किल्ली सोबतच्या क्लार्ककडे दिली आणि सव्वासातला एसटी स्टँडसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बस वेळेवर आली, वेळेवर सुटली. त्यांच्या शेजारी बसली होती पारू, गोदामात पोती शिवणारी कंत्राटी कामगार. पारू नेऱ्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला वाडीवर राहायची. तिथून अंधुक उजाडताना खाली चालत, मग पहिल्या एसटीने पनवेल.

उरण नाक्याला बस थांबली. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. सुदामने सीटखालून एक हिरवी, पांढऱ्या बंदांची पिशवी काढली आणि तो मासळी बाजाराकडे चालू लागला. अरुंधतीबाई खिडकीला चिकटल्या. बाजाराच्या तोंडाशी सखूबाई नावाची कोळीण पाटी मांडून बसलेली. मोरा बंदरावरून पहाटेच आलेला माल. सुदाम वाकून एकेक सुरमई उचलायचा, कल्ले उघडून बघायचा, नाक वाकडं करायचा, खाली ठेवायचा. सखूबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याला फैलावर घ्यायची. पाच मिनिटं झाली, आठ झाली. बसमध्ये कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. कुणी तंबाखू मळत होतं, कुणी डोळे मिटून होतं.

"हे नेहमीचंच आहे का गं?" बाईंनी पारूला विचारलं.

"बुदवारी न् शुक्रवारी. मोठ्या सायबाच्या घरची पिशवी हाय ती."

कारखान्यात मोठे साहेब म्हणजे वर्क्स मॅनेजर कृष्णकांत तेलंग. कारखान्याला लागून असलेल्या कॉलनीत राहायचे. गेट आठ वाजून पाच मिनिटांनी बंद करण्याची नोटीस त्यांच्याच सहीची होती.

"मग तुम्ही कुणी सांगितलं का नाही?"

"आमाला वाटलं, तुमाला म्हाईत हाय," पारू म्हणाली. "लिवून तर तुमीच ठेवता ना."

सुदाम परत आला, बाईंना पाहून चपापला, पिशवी पायामागे सरकवायला लागला. मग ओशाळं हसून म्हणाला, "काय करू ताई? बाईसाहेब कल्ले बघून आणायला सांगतात. ताजं नाय निघालं तर मलाच ऐकवतात. नाय म्हणायची सोय नाय."

बस गेटला लागली तेव्हा आठ चौदा झाले होते. वॉचमनने रजिस्टर उघडलं. समोर अरुंधतीबाई दिसल्यावर त्याचं पेन हवेतच राहिलं. "ताई, तुमी पन?"

"लिहा," बाई म्हणाल्या. "आल्याची वेळ नीट लिहा." एकोणीस वर्षांतला त्यांचा पहिला लेट मार्क. दोनशे जणांना लाल करणाऱ्या बाई स्वतः लाल झालेल्या बघायला मागे थोडी गर्दीही जमली.

पण मागोमाग पारूची पाळी आली आणि हसणं थांबलं. कायम कामगारांना चार लेट मार्कांवर नुसतं लेखी पत्र मिळायचं. कंत्राटी माणसाला मात्र महिन्यातल्या दर चौथ्या वेळी गेटवरूनच परत पाठवायचं, असा नियम होता. वॉचमनने पान उलटलं, बोटावर मोजलं, आणि मान हलवली. पारूने डब्याची पिशवी खांद्यावर सारखी केली आणि आल्या रस्त्याने वळली. ती चिडली नाही, भांडली नाही. तिला याची सवय होती, हे अरुंधतीबाईंना जास्त लागलं.

त्या संध्याकाळी क्लासमध्ये बाईंनी दिपाला सगळं सांगितलं.

"तसा उपाय आहे काकू," दिपा हळूच म्हणाली. "परत गोल ग्राफ काढा. खात्यांप्रमाणे. सगळ्या फाका सारख्या येतील, कुणाला काय कळणार नाय. गोलात काय बी लपवता येतं. तुमची नोकरी आहे शेवटी."

अरुंधतीबाईंनी खरंच तो गोल ग्राफ काढला. रंग मोठे मोहक आले होते. त्यांनी तो मिनिटभर पाहिला.

"माझ्या रजिस्टरात माझं नाव आहे आज," त्या म्हणाल्या. "आणि ती बाई इतक्या लांबून येऊन परत गेली. नको गं. मनोरेच छाप."

शनिवारी त्यांनी निरगुडकरांना ग्राफ दाखवला. सांगावं म्हणून त्यांनी तोंडही उघडलं. पण निरगुडकरांनी एका दृष्टीत मनोरे पाहिले आणि खूश होऊन म्हणाले, "वा, स्पष्ट आहे. बुधवारी आठवड्याच्या मध्याचा थकवा, शुक्रवारी सुट्टीचे वेध. टेक्स्टबुक! तुम्ही फक्त कागद सरकवा, बोलीन मी."

एक डिसेंबरला कॉन्फरन्स रूममध्ये पडदे ओढले गेले, प्रोजेक्टरच्या काचेवर बाईंनी पारदर्शक कागद ठेवला, आणि भिंतीवर दोन मनोरे उभे राहिले. हेड ऑफिसचे मोठे साहेब, त्यांच्या शेजारी तेलंगसाहेब, आणि उभे राहून टायवरून हात फिरवणारे निरगुडकर. थकवा झाला, वेध झाले. मग महिन्यांचा कागद आला.

"ऑगस्टमध्ये एकही नाही?" हेड ऑफिसच्या साहेबांनी विचारलं.

"सर, मी जुलैत आलो. एक ऑगस्टला शिस्तीची नोटीस लावली. त्याचा परिणाम."

"आणि सप्टेंबरात?"

निरगुडकर थोडे अडखळले. "सप्टेंबरात, सर... ती नोटीस पावसात भिजली असावी."

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या बाईंकडे. "ग्राफ तुम्ही काढला ना? तुम्हाला काय वाटतं?"

एवढ्या वर्षांत या खोलीत अरुंधतीबाई फक्त चहाची कुपनं द्यायला आल्या होत्या. "साहेब," त्या म्हणाल्या, "ऑगस्टात श्रावण होता."

हेड ऑफिसचे साहेब काहीच न कळून बघत राहिले. पण तेलंगसाहेबांची मान एकदम वर झाली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. बुधवार, शुक्रवार, कोरा ऑगस्ट, बुटका जुलै. कुठल्या महिन्यात ताटात काय होतं ते त्यांना पाठच असावं, कारण त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले.

"पोंक्षेबाई, बस वाटेत कुठे थांबते?"

"उरण नाक्याला, साहेब."

"कशाला?"

"एक पिशवी घ्यायला. हिरवी असते." बाईंनी नजर खाली केली. "पांढऱ्या बंदांची."

निरगुडकरांनी कागदाकडे पाहिलं, कागदावर पिशवी कुठे आहे ते त्यांना सापडेना. तेलंगसाहेब उठून उभे राहिले. जाडजूड, रुबाबदार माणूस, पण आवाज पडला होता.

"ही पिशवी माझ्या घरची आहे," ते म्हणाले. "मला वाटायचं सुदाम घरून निघतानाच घेऊन येतो. मी कधी विचारलं नाही. चवीने खाल्लं मात्र." मग म्हणाले, "म्हणजे सात महिने मी सुरमई नाही, लोकांच्या हजेऱ्या खात होतो."

हेड ऑफिसच्या साहेबांना पहिल्यांदा हसू आवरलं नाही, आणि ते हसले तसे तेलंगसाहेबही कपाळाला हात लावून हसले. फक्त निरगुडकर हसावं की नाही हे ठरवत उभे होते. बाहेर पडताना त्यांनी अरुंधतीबाईंना गाठलं. बाईंना वाटलं, झालं, आता पिंपं रंगवायची. पण ते म्हणाले, "बाई, तो वारांचा प्रश्न तुम्हाला कसा सुचला, ते मला जरा शिकवाल?"

बस ज्या ज्या दिवशी उशिरा आली होती, त्या दिवसांचे सगळे लेट मार्क पुसायचा हुकूम त्याच दुपारी निघाला. अकराशे चाळीस निघाले. मस्टरात ते खोडायला महिना गेला असता. फॉर्मवर त्यासाठी बाईंनी दिपाच्या मदतीने एक नवं बटण बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी पारूला केबिनमध्ये बोलावलं. पारू चपला काढून आत आली.

"हे दाब," बाईंनी सांगितलं.

"फुटंल काय?"

"नाही फुटत. दाब."

पारूने अंगठा लावायला उचलतात तसा अंगठा पुढे केला, मग बाईंनी तिचं बोट माउसवर ठेवलं. टक. पडद्यावर लाल होतं ते सगळं निळं झालं. कंत्राटी माणसाला गेटवरून परत पाठवायचा नियमही त्या आठवड्यात गेला.

सखूबाईचं हक्काचं गिऱ्हाईक मात्र तुटलं, आणि ती गप्प बसणारी नव्हती. पुढच्या बुधवारी ती पाटी डोक्यावर घेऊन नाक्यावर आधीच तयार उभी. सुदामने ब्रेक लावला न लावला तोच ती आत. "माजं काय चुकलं त्यात?" तिने साऱ्या बसला विचारलं. "साहेबाला ताजं पायजे ना? मी सोता नेऊन देतं. कल्ले त्याने सोता बघावेत." तेव्हापासून बुधवारी आणि शुक्रवारी ती कॉलनीच्या दारात बसू लागली, आणि तेलंगसाहेब पायजम्यावर येऊन, बाईसाहेबांच्या देखरेखीखाली, स्वतः मासे निवडू लागले. बस आठाला पाच मिनिटं कमी असताना गेटवर लागायची. आत वास मात्र असा दरवळायचा की खिडकीची जागा पटकवायला लोक स्टँडवर लवकर येऊ लागले.

डिसेंबर संपता संपता एका शनिवारी दुपारी पारू टाइम ऑफिसच्या खिडकीशी आली. हातात वेताच्या काडीएवढी बारीक फांदी, तिच्यावर कोयत्याने पाडलेल्या खाचा.

"ताई, ते तुमी वारांचं उभं उभं काडलं ना, तसं दुसऱ्या कशाचं बी निगतं काय?"

"कशाचं काढायचंय?"

"आमच्या वाडीला पान्याचा पंप हाय. चार दिस चालतो, दहा दिस बंद. पंचायतीत गेलं का बोलतात, परवाच तर दुरुस्त केला. मी खाचा मारल्यान, दिसाला एक, पंप बंद असला का तिरपी. पन काडी दाकवली का हसतात."

अरुंधतीबाईंनी काडी हातात घेतली आणि खाचांवरून बोट फिरवलं. अक्षर म्हणावं तर नव्हतं, पण अंतरं नेटकी होती. दर सहा खाचांनंतर एक खाच खोल, रविवार कळावा म्हणून.

"आज संध्याकाळी माझ्याबरोबर लाइन आळीत येशील? तिथे दिपा मॅडम आहेत."

"मला वाचाया नाय येत."

"बटणावर चित्र घालता येतं," बाई म्हणाल्या. "एक पाणी येणारा पंप, एक कोरडा. तू फक्त दाबायचं."

सहा वाजता तिघी एका पडद्यासमोर दाटीवाटीने बसल्या. दिपाने नवीन कोरा फॉर्म उघडला आणि खुर्ची मागे घेतली. विझर्डने पहिला प्रश्न विचारला. अरुंधतीबाईंनी तो मोठ्याने मराठीत वाचून दाखवला, आणि पारू विचार करून उत्तर देऊ लागली.